काढलेला दगड

चौथ्या विमानतळावर बॅग हरवली, पाचव्यावर सापडली,
सहाव्यावर कोणी विचारलंच नाही
की बाई, पोनपेईला तुमचं काय काम.
ओली धावपट्टी, दोन कुत्री,
आणि माझं नाव तीन प्रकारे चुकवून
हसणारा मासाओ.
त्याचं नाव जपानी. पणजोबांच्या वेळची राजवट.
"ते गेले, नावं ठेवून गेले," म्हणाला.
आमच्यात नावं ठेवणं म्हणजे काय
हे सांगण्याइतकी इंग्रजी
दोघांचीही नव्हती.

वाट केर्लिहनाच्या अंगणातून जाते.
तिने तीन डॉलर बिस्किटांच्या डब्यात टाकले,
माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग पायांकडे.
"पाणी उतरलं की होडी चिखलात बसते.
मग तुम्हीही बसा."

खारफुटीखालून वाकून वाकून गेलो,
मान वर केली तर समोर
भिंत.

जळण रचावं तसे रचलेले,
एक थर आडवा, एक उभा,
पाचकोनी, सहाकोनी, काळे पाषाण,
आणि खाली जमीन नाही, नुसतं प्रवाळ नि पाणी.
कुणा राजांची थडगी, रिकामी.
फटीफटीतून नेचे.
मी हात लावला.
अरे, हा तर घरचाच!
असल्याच दगडाला सुरुंग लावून
घाटातला रस्ता रुंद केला होता आम्ही.

छत्तीस वर्षं पुलांची गणितं केलेली बाई
दुसरं काय करणार? टेप काढली.
पाच मीटर लांब, साठ सेंटिमीटर जाड,
घनता दोन पूर्णांक नऊ:
सव्वापाच टन. हा एक.
असे किती, ते मोजायला
आणखी एक नोकरी लागली असती.

"आणले कसे?"
"उडून."
मासाओ होडीतलं पाणी डब्याने उपसत होता.
"दोघे भाऊ होते. मंत्र म्हणाले, दगड आले."
"तराफ्यावरून आणले असतील."
"तराफा बुडतो. लोकांनी करून पाहिलंय म्हणे."
आवाजात वाद नव्हता.
आज मासळी महाग आहे, हे ज्या आवाजात सांगतात
तो आवाज.

मी आणखी दोन कोपरे मोजले.
तेवढ्यात पाणी गेलं.

मग ढकला.
मांडीपर्यंत चिखल, एक चप्पल त्यालाच वाहिली,
आणि मासाओ सारखा मागे बघत होता,
कारण अंधार पडल्यावर तिथे कोणी थांबत नाही.
का, ते मी विचारलं नाही.
काही गोष्टी टेप न काढताही कळतात.

केर्लिहनाच्या पडवीत सपाट दगडावर
सकाऊची मुळं ठेचली जात होती.
दगड घंटेसारखा वाजत होता.
जास्वंदीच्या कुळातल्या झाडाची साल पिळून
करवंटी माझ्यापुढे आली.
डोळे मिटून प्यायचं असतं.
माती, मिरी, आणि मग ओठ
आपले राहत नाहीत.

"तुमच्याकडे आहे असं काही?"
आहे म्हटलं. पण उलटं.
तुम्ही दगड आणून आणून रचला,
आमच्या लोकांनी डोंगर वरून कोरत आणला,
नको तेवढा काढून टाकला,
उरलं ते देऊळ.

तिने बराच वेळ विचार केला.
"मग तो काढलेला दगड कुठे गेला?"

राडारोडा कुठे टाकणार,
हा प्रश्न छत्तीस वर्षं मी
प्रत्येक कंत्राटदाराला विचारला,
नकाशावर बोट ठेवून, सही अडवून.
लेण्यापुढे चार वेळा उभी राहिले,
एकदाही सुचला नाही.

मासाओचे डोळे मिटलेले होते.
त्याने फक्त भुवया उचलल्या,
इथे त्याचा अर्थ 'हो',
आणि हनुवटी वळवली
समुद्राकडे, त्या भिंतीकडे.

मी तोंड उघडून पाहिलं.
ओठ बधिर होते.
म्हणून गप्प राहिले,
असं म्हणायला हरकत नाही.